चरीत मेलेल्या गाई

धारहून मांडूला जाताना लागणाऱ्या एका जहागिरीत बळवंतराव सालोत्री होते, म्हणजे गुराघोड्यांचे वैद्य. माणूस भला, पण मराठीचा ताठा भारी. उभा जन्म माळव्यात गेला, तरी माळवी समजून घेणं त्यांना कमीपणाचं वाटे. हा ताठाच नडला.

१९०७ च्या सुमारास पावसानं ओढ दिली आणि जहागिरीच्या गाई चरता चरता धापा टाकत कोसळल्या. गुराखी भगवंतानं विष घातलं, असं म्हणून कारभारी उदाजीरावांनी त्याला कोठडीत टाकलं. विष ठरलं तर बिचाऱ्याचा जन्म तुरुंगात जाणार होता, आणि ठरवायचं होतं बळवंतरावांनी.

"गाई कुठं होत्या रे?" बळवंतरावांनी कोठडीत जाऊन भगवंताला विचारलं.

"म्हने तो चरी में छोड़ी थी, सरकार."

त्यानं गाई चरीत सोडल्या होत्या, आणि आपल्या मराठीत चरी म्हणजे खणलेला चर. बळवंतराव तडक शेताकडेच्या चरावर गेले, पाणी हुंगलं आणि चक्क ओंजळभर प्याले. काही झालं नाही. गाई फाडवून पाहिल्या, तर आणखीच बुचकळ्यात पडले. गुदमरलेल्या जनावराचं रक्त काळपट पडतं, हे लालभडक! रक्तात हवा भरपूर, मग गाई गुदमरल्या कशा?

शेवटी त्यांनी भगवंताच्या बायकोला, सीतेला, चरी दाखवायला सांगितलं. ती त्यांना गुडघाभर उंचीच्या, पावसाविना कोमेजलेल्या हिरव्या ज्वारीत घेऊन गेली. माळव्यात चरी म्हणतात ती हिलाच! बळवंतरावांनी कपाळावर हात मारून घेतला. तीच ज्वारी शेळीला घातली. शेळीही धापा टाकत मेली, रक्त तसंच लाल.

आज आपल्याला कारण ठाऊक आहे. पेशीत रक्तातला प्राणवायू वापरणारं एक विकर असतं, सायटोक्रोम ऑक्सिडेज. कोवळ्या, सुकत्या ज्वारीतलं विष त्यालाच जखडतं. ताट वाढलेलं असतं, पण घास तोंडात जात नाही. बळवंतरावांना हे कोण सांगणार?

"ज्वारी आपण सगळेच खातो. तिनं गाई कशा मरतील?" उदाजीरावांनी विचारलं.

"ते मला कळत नाही. पण मारलं तिनंच, भगवंतानं नाही."

सगळ्यांदेखत हे म्हणताना त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण भगवंत सुटला.

सीता आनंदानं रडत होती. भगवंत मात्र जागचा हलेना. ज्याच्या हातून गाय मरेल, त्यानं प्रायश्चित्त म्हणून गळ्यात दावं अडकवून दारोदार भीक मागायची, असा तिकडचा रिवाज.

"सरकार, चरी में तो म्हने ज छोड़ी थी. तो फेर म्हने ज मारी, के नी?"

मीच सोडल्या, मग मीच मारल्या ना, ही माळवी बळवंतरावांना या वेळी नीट कळली, पण ते गोंधळले. विचार करू लागले. बऱ्याच वेळानं "नाही रे," म्हणाले, पण तोवर भगवंतानं दावं गळ्यात घातलं होतं.