हात्सुएबाईंची धून

सातव्या डावात लोक फुगे सोडायला लागले की हात्सुएबाई छत्री उघडायच्या.

शिओहामाच्या बेसबॉल मैदानात हा रिवाज जुना आहे. लांबुळके फुगे, प्रत्येकाने गाल फुगवून तोंडानेच फुगवलेले, एका इशाऱ्यासरशी शिट्ट्या मारत आभाळात जातात. टीव्हीवर फार देखणं दिसतं म्हणे. पण खाली बसणाऱ्याला विचारा. फुगा रिकामा होताना आतली हवा एकटी बाहेर पडत नाही. आधी बारीक तुषार येतात, मग ती ओली, गिळगिळीत रबरं खाली पडतात. कुणाच्या नूडल्सवर, कुणाच्या बिअरमध्ये, कुणाच्या टकलावर.

"शी! सगळ्या गावाचं उष्टं अंगावर," छत्रीखालून बाई म्हणायच्या. "आणि याला म्हणायचं उत्साह."

"मग येता कशाला, ताई?" मागचं कुणीतरी हमखास विचारायचं.

"तुमची तोंडं बघायला येत नाही, एवढं लक्षात ठेवा."

माझं कपडे धुण्याचं दुकान त्यांच्या केशकर्तनालयाला लागून आहे. उजव्या बाजूच्या गॅलरीतल्या ढोलपथकाचे निळे कोट माझ्याकडेच धुवायला येतात, त्यामुळे उत्साह म्हणजे काय ते मला वेगळं सांगायला नको. खिशात अर्धवट चघळलेलं सुकं मांस, बाह्यांवर सॉस, पाठीवर दुसऱ्याने केलेली ओकारी. भर उन्हाळ्यात सामन्यानंतरचं गाठोडं सोडलं की माझी बायको नाकाला पदर लावल्यासारखा टॉवेल लावून मागच्या दाराने निघून जाते.

त्या गाठोड्यात एकच कोट स्वच्छ असायचा, घडी घातलेला. तो हात्सुए कुसुनोकींचा. पथकात त्या ट्रम्पेट वाजवायच्या.

शाळेच्या वाद्यवृंदात शिकलेल्या. लग्न झालं न्हाव्याशी, तो गेला तेव्हा वस्तरा हातात घेतला आणि दुकान चालू ठेवलं. तोंडाने फटकळ. गिऱ्हाइकाच्या कानातले केस बघून "काय हे जंगल!" म्हणणारी बाई. पण ट्रम्पेट तोंडाला लावलं की समुद्राकडच्या वाऱ्यातसुद्धा सूर हलायचा नाही. आमच्या हेरन्स संघाला गावात सगळे 'बगळे' म्हणतात. खेळतातही तसेच, एका पायावर उभे राहून वाट बघत. या बगळ्यांच्या प्रत्येक फलंदाजाचं स्वतःचं एक गाणं असतं, तो मैदानात आला की पथक ते वाजवतं आणि गॅलरी गाते. त्यातलं नागिसावाचं गाणं हात्सुएबाईंनी स्वतः बांधलेलं.

जुन्पेई नागिसावा उत्तरेकडच्या कुठल्याशा बर्फाच्या गावातून आलेला. पहिल्याच हंगामात तो बाईंच्या दुकानात केस कापायला आला, खुर्चीत बसला आणि झोपला. बाईंनी केस कापले, दाढी केली, मान पुसली, तरी उठेना. शेवटी म्हणाल्या, "अहो बगळेबुवा, मासा निघून गेला." तो दचकून उठला आणि आरशातल्या स्वतःलाच वाकून नमस्कार करत "माफ करा, माफ करा" म्हणायला लागला. बाई हसत सुटल्या. तेव्हापासून तो दर पंधरवड्याला यायचा आणि खुर्चीत झोपायचा.

त्याच्या गाण्याची चाल सोपी होती, लहान पोरालाही उचलता येईल अशी, आणि शेवटी वर चढून थांबणारी. शब्द पथकातल्या कुणीतरी घातले. 'धाव नागिसावा, वारा पाठीशी, बंदर सारं तुझ्या साथीशी.' शब्दांत काही दम नाही, पण त्या चालीवर ते बरे वाटायचे. आठ-नऊ वर्षं आमच्या गावाने ते गायलं.

मग नागिसावा गेला. करार संपला आणि त्याने उत्तरेचा किताउरा संघ धरला. त्याची आई तिकडे इस्पितळात होती, उठता-बसता येत नव्हतं, हे दुकानात सगळ्यांना ठाऊक होतं. पण गॅलरीला तेवढं समजून घ्यायला वेळ कुठला? पैशासाठी गेला, पळपुटा, गद्दार. त्याच्या नावाचे शर्ट लोकांनी फाटकाबाहेरच्या कचरापेटीत कोंबले. दोन शर्ट तर मुद्दाम माझ्याकडे आले, पाठीवरचं नाव ब्लीचने घालवून द्या म्हणून. मी परत पाठवले.

त्याच हिवाळ्यात त्याची आई वारली. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या होत्या.

वसंतात किताउरा संघ आमच्याकडे खेळायला आला. सामना रविवारी दुपारी होता. आदल्या आठवड्यात पथकाचे प्रमुख तेत्सुहिको मुराजी बाईंच्या दुकानात आले. आवाज तासलेल्या लाकडासारखा, अंगाने दांडगा, बंदरावर क्रेन चालवणारा माणूस. मी तेव्हा टॉवेल पोचवायला गेलो होतो, म्हणून ऐकलं.

"हात्सुएताई, एक विनंती आहे. नागिसावा पहिल्यांदा खेळायला उभा राहील ना, तेव्हा त्याचं जुनं गाणं वाजवू या. एकदाच. निरोप म्हणून."

बाईंचा हात थांबला. "समोरच्या संघाच्या फलंदाजासाठी आपण वाजवायचं?"

"किताउराच्या पथकाशी बोललोय मी. ते गप्प राहतील तेवढा वेळ. आईचं पण झालं ना बिचाऱ्याच्या."

"तुम्हाला सुचलं हे?"

"म्हणजे काय, ताई! माणूसच आहे मी."

मुराजी गेल्यावर बाई म्हणाल्या, "माणसाचं काही सांगता येत नाही हो." त्यांना बरं वाटलं होतं. त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून ट्रम्पेट ऐकू येत होतं, तोंडाशी कापड धरून वाजवल्यासारखं हळू.

रविवारी आकाश स्वच्छ होतं. मी बाईंच्या शेजारीच बसलो होतो. आजूबाजूला नेहमीचंच चाललं होतं. पायाखाली सांडलेल्या बिअरने चपला चिकटत होत्या. पुढचा एकजण मोजे काढून पायाची बोटं मोकळी करत तळलेली कोळंबी खात होता. पाठीवर बिअरची टाकी घेऊन फिरणाऱ्या मुलीला कुणीतरी "वाक ना जरा जास्त" म्हणालं आणि सगळी रांग खिंकाळली. बाईंनी त्या माणसाकडे असं पाहिलं की त्याने पेल्यात तोंड खुपसलं. मला एवढंच खटकलं की लोक आज एकमेकांना कोपराने ढोसत होते, डोळे मिचकावत होते. मुलीमुळे असेल, असं मला वाटलं.

दुसऱ्या डावात नागिसावाचं नाव पुकारलं. आमच्या गॅलरीत एकाएकी शांतता. समोर किताउराच्या पथकाने खरंच ढोल खाली ठेवले. त्यांच्यातल्या काहींनी टोप्यासुद्धा काढल्या.

मुराजींनी हात वर केला. बाई उभ्या राहिल्या आणि वाजवायला लागल्या.

मी ती चाल शेकडो वेळा ऐकली आहे, पण तशी कधी नाही. पहिल्यांदा नुसतं ट्रम्पेटच होतं. खाली नागिसावा थांबला. त्याने बॅट काखेत धरली, हेल्मेट काढलं आणि आमच्या गॅलरीकडे तोंड करून कमरेत वाकला. बराच वेळ वाकून राहिला. बाईंच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि सूर मात्र हलत नव्हता.

मग मुराजींनी हात खाली आणला, ढोल सुरू झाले आणि हजारो लोकांनी एकदम तोंड उघडलं.

'पळ नागिसावा, शेपूट घालून, आईही गेली तुला सोडून!'

सगळ्यांना पाठ होतं. आदल्या दिवशी फाटकासमोरच्या दारूच्या दुकानात त्यांनी तालीम केली होती, तिथून ते कानोकानी सगळ्या रांगांमध्ये गेलं होतं. आम्हा दोघांनाच कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या मागे एक बाप खांद्यावर पोर घेऊन गात होता आणि पोर टाळ्या पिटत होतं. एक आजी, रोज देवळात फुलं वाहणारी, प्लॅस्टिकच्या काठ्या आपटत 'आईही गेली'वर मान हलवत होती.

नागिसावा अजून वाकलेला होता. शब्द पोचले तेव्हा तो लगेच उठला नाही. जणू आपण चुकीचं ऐकलं असं त्याला वाटत असावं. मग हळूहळू सरळ झाला, हेल्मेट डोक्यावर घातलं. आणि लोक त्यालाच हसले! तो वाकला, याचंच त्यांना सगळ्यात जास्त हसू आलं.

बाईंनी ट्रम्पेट ओठांवरून काढलं होतं. पण आता कुणाला ट्रम्पेटची गरजच नव्हती. चाल सोपी होती.

"थांबवा," बाई म्हणाल्या. कुणाला ऐकू गेलं नाही. त्या पायऱ्या उतरून मुराजींपर्यंत गेल्या. "थांबवा हे!"

"अहो ताई, बघा कसं रंगलंय!" त्याचा चेहरा आनंदाने तुकतुकत होता. "तुमच्यासारखं कुणी वाजवू शकत नाही. म्हणून तर!"

"म्हणून तर," बाई म्हणाल्या. मग कठडा धरून त्या खाली वाकल्या आणि तिथेच पायरीवर त्यांना उलटी झाली. दुपारचा डबा, चहा, सगळं बाहेर. लोक पाय वर घेत किंचाळले, "ईऽऽ! जरा बघून ओका ना!" कोळंबीवाला सगळ्यात मोठ्याने ओरडला.

मी त्यांना धरून वर आणत होतो तेवढ्यात गॅलरी परत फुटली. नागिसावा तिन्ही चेंडूंवर नुसती बॅट फिरवून बाद झाला होता. लोक एकमेकांच्या गळ्यात पडले. बाईंनी मागे वळून फलकाकडे पाहिलं आणि मला हळूच म्हणाल्या, "ऐका, मला पण क्षणभर बरं वाटलं. बाद झाला म्हणून. इतक्या वर्षांची सवय. बघा काय घाण साचलीय आत." मग त्या फाटकाबाहेर आल्या. नळावर चूळ भरली, परत भरली, ट्रम्पेटचं तोंडही धुतलं.

त्यांचा निळा कोट मी धुवून, इस्त्री करून नेऊन दिला तर त्यांनी माझ्यादेखत कात्री घेतली आणि त्याचे हातरुमालाएवढे तुकडे केले. केसांना काळा रंग लावताना कपाळावर ओघळ येतात ना, ते पुसायला.

मंगळवारी सकाळी मुराजी नेहमीप्रमाणे दाढीला आला. मी तिथेच होतो. तो खुर्चीत बसला, मान मागे टाकली, डोळे मिटले. बाईंनी गरम टॉवेल ठेवला, साबण फेसला, गालांना लावला. वस्तरा उघडला. आणि तशाच उभ्या राहिल्या.

"काय झालं, ताई?" डोळे न उघडता तो म्हणाला.

"माझा हात लागत नाही."

"दुखतोय का?"

"नाही. तुमच्या चेहऱ्याला लागत नाही. किळस येते."

त्याने डोळे उघडले. फेसातून दोन डोळे दिसत होते. "त्या गाण्याचं अजून धरून बसलात? खेळातली चेष्टा आहे, ताई. सगळ्यांनीच म्हटलं. मी एकट्याने?"

"तुम्ही मला सांगितलं, आईचं झालं ना बिचाऱ्याच्या."

"मग? झालंच होतं ना?"

बाईंनी वस्तरा मिटला. टॉवेलने त्याच्या गालांवरचा सगळा फेस नीट पुसून काढला, कानामागचासुद्धा, आणि त्याच्या गळ्याभोवतीचं कापड सोडलं.

मुराजी उठला. त्याला राग आला नव्हता, हेच मला आजही आठवतं. त्याला खरंच कळत नव्हतं. "तुमचे यजमान गेले," तो म्हणाला, "तेव्हा पेटीला खांदा दिला मी. चार दिवस माझी बायको तुम्हाला पेज करून आणत होती."

"आणत होती. विसरले नाही."

"मग?"

"म्हणूनच जास्त ओकारी येते. जा तुम्ही."

तो दाढी न करता गेला. जाताना त्याने दार हळूच ओढून घेतलं.

संघाने नंतर सर्वांसाठी एक सूचना लावली, प्रेक्षकांनी सभ्य शब्द वापरावेत अशी. कुणी लावायला सांगितली, कशाबद्दल, त्यात काही नव्हतं. पथकाला नवा ट्रम्पेटवाला मिळाला, एक टपाल कर्मचारी, सूर कच्चा पण आज्ञाधारक. मुराजी अजून प्रमुख आहे, आता स्टेशनजवळ यंत्राने केस कापून घेतो, मानेवर पायऱ्या दिसतात. मला त्यांचे कोट अजून येतात. मी धुतो. धंदा आहे.

सुट्टीच्या सोमवारी बाईंनी एकदा किताउराची आगगाडी धरली. कुणाला बोलल्या नाहीत, मलाच येऊन सांगितलं. तिकडे सामना नव्हताच, नुसता सराव होता, कुंपणाबाहेर थोडे लोक उभे होते. नागिसावा सही देत देत त्यांच्यापर्यंत आला आणि ओळखलं.

"ताई! इतक्या लांब?"

"ते मी वाजवलं होतं," बाई म्हणाल्या. "मला शब्द माहीत नव्हते. एवढं सांगायला आले."

त्याने हातातली सही आधी पुरी केली. मग म्हणाला, "तुम्ही वाजवताय हे कळलं होतं मला. तो शेवटचा चढ दुसऱ्या कुणाला येत नाही. म्हणून तर वाकलो."

त्यानंतर तो पुढच्या माणसाकडे सरकला.

"त्याने माफ केलं म्हणायचं?" मी विचारलं.

"कसलं माफ?" बाई वैतागल्या. "त्याला कळलं होतं की ती मीच. मग ते शब्द ऐकले तेव्हा काय वाटलं असेल त्याला माझ्याबद्दल, किती दिवस? याचा विचार करा आणि मग मला माफीबिफी सांगा. शी!"

त्यांनी खुर्चीखालचे केस झाडायला घेतले आणि मला पाय वर घ्यायला सांगितलं.