ओन्नी रिंतालाने वर केलेला हात

ओन्नी रिंतालाचं अर्धं आयुष्य ओणवं राहण्यात गेलं असं केल्सी हार्बर या सरोवरकाठच्या गावातले लोक म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. आठवडाभर तो रस्तेखात्याच्या गॅरेजात बर्फ हटवायच्या गाड्यांखाली वाकलेला असे आणि शनिवारी दुपारी गावच्या अमेरिकन फुटबॉल टीमचा, म्हणजे हातांनी खेळायच्या फुटबॉलचा, सेंटर म्हणून मैदानाच्या मधोमध. सेंटरचं काम सांगायला सोपं आहे. जमिनीवरच्या चेंडूवर हात ठेवून ओणवं व्हायचं. क्वार्टरबॅक अगदी मागे चिकटून उभा असतो, त्याने हाळी दिली की दोन पायांमधून चेंडू त्याच्या हातांत द्यायचा. दुसऱ्या क्षणी समोरचा सव्वाशे किलोचा गडी छातीवर येऊन आदळतो. तिकडे क्वार्टरबॅक चेंडू लांब फेकतो, लोक त्याच्या नावाने ओरडतात, आणि सेंटर तोंडातली माती थुंकत उठतो. चौदा वर्षं ओन्नीने माती थुंकली आणि त्याला त्याचं कधी वाईट वाटलं नाही, कारण मागे डेल ट्रेव्हॅरो होता.

डेलचं हार्डवेअरचं दुकान होतं. माणूस बोलघेवडा, दिसायला राजबिंडा, घरात बायको बेव्हर्ली आणि तीन मुली. खिळे घ्यायला आलेल्या बाईशीही तो असं बोले की ती बिजागऱ्याही घेऊन जाई. ओन्नी त्याच्या अगदी उलट. आई जाऊन सहा वर्षं झाली होती, भाऊ डेट्रॉइटला मोटारीच्या कारखान्यात गेला तो नाताळच्या कार्डापुरता उरला होता. लग्नाचं एकदा जुळत आलं होतं, पण ओन्नीला विचारायला इतके दिवस लागले की त्या मुलीने एका पोस्टमनला होकार देऊन टाकला. गावाबाहेर बापाने बांधलेलं घर, घरामागे सौना म्हणजे वाफ घ्यायची लाकडी खोली, आणि एक म्हातारी मांजर, एवढा त्याचा संसार.

मात्र शनिवार त्याचा होता. मॅच संपली की डेल थेट ओन्नीकडे येई. दोघे सौनात बसत, तापल्या दगडांवर पाणी टाकत, अंग शेकत. डेल तासभर बोले. ओन्नी फार तर दहा वाक्यं बोले, त्यातली पाच ‘आणखी पाणी टाकू?’ अशी. मग बाहेर पायरीवर बसून एकेक बिअर घेत आणि डेल घरी जाई. ओन्नीला तो तास पुढच्या शनिवारपर्यंत पुरत असे. असला हिशेब कोणी उघडपणे सांगत नाही, ओन्नीने तर स्वतःलाही सांगितला नव्हता.

त्या टीमची एक रीत होती. कोच बेल्मोंती शाळेत सुतारकाम शिकवायचे, त्यांनी ती वीस वर्षांपूर्वी घालून दिली होती. एकाच खाणीत आणि एकाच धक्क्यावर काम करणारी माणसं शनिवारच्या चुकीवरून सोमवारी एकमेकांची डोकी फोडत, म्हणून त्यांनी ठरवलं की मैदानावर काही बिघडलं तर ज्याची चूक त्याने आपणहून हात वर करायचा. हात वर गेला की विषय मिटला. कोच ओरडणार नाहीत, बाकीच्यांनी चकार शब्द काढायचा नाही. गावालाही हे इतकं अंगवळणी पडलं होतं की चेंडू सुटला की लोक आधी हात कोणाचा वर जातो ते बघत.

त्या वर्षी सप्टेंबरातल्या पहिल्याच मॅचला ओन्नीच्या लक्षात आलं की डेलच्या हातात काहीतरी बिनसलंय. हे दुसऱ्या कोणाला कळणं शक्यच नव्हतं. चेंडू घेण्याआधी क्वार्टरबॅक आपला उजवा पंजा सेंटरच्या बुडाखाली घट्ट दाबून धरतो. चौदा वर्षं तो दाब ओन्नीच्या ओळखीचा होता. त्यावरून बायका लोक हसत आणि पुरुष अचकटविचकट बोलत, ते बोलोत बापडे. पण या वर्षी त्या पंजाची दोनच बोटं दाबत होती, बाकीची नुसती टेकलेली होती. तिसऱ्या डावाला ओन्नीने चेंडू नेहमीसारखा दिला आणि तो डेलच्या हातातून ओल्या साबणासारखा निसटला. डेल चेंडूकडे बघत राहिला. ओन्नीने मागे वळून त्याचा चेहरा पाहिला, आणि हात वर केला.

डेलने तो हात पाहिला आणि मान फिरवली. त्या संध्याकाळी सौनात त्याने मधल्या मुलीच्या दातांबद्दल पाऊण तास सांगितलं. दगडांवर पाणी टाकायचं ओगराळं तो डाव्या हाताने धरत होता. ओन्नीने विचारलं नाही, डेलने सांगितलं नाही.

ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ओन्नीचा हात सहा वेळा वर गेला. पेट्रोलपंपावर लोक त्याला विचारू लागले, काय ओन्नी, हाताला लोणी लावून येतोस काय? गॅरेजमधल्या मुकादमाने त्याला चष्म्याच्या डॉक्टरचा पत्ता दिला. ओन्नी नुसता मान हलवी. त्याला लाज वाटत होती, चांगलीच वाटत होती, पण शनिवार टिकून होते.

मग एका रविवारी चर्च सुटल्यावर कोचनी ओन्नीसकट चार जुन्या खेळाडूंना तळघरातल्या हॉलमध्ये बोलावलं. डेलला बोलावलं नव्हतं. बायकांनी मांसाच्या करंज्या आणि कॉफी ठेवली होती. कोच म्हणाले की डेल सदतीस वर्षांचा झाला, क्रेग होल्मस्ट्रॉम दोन वर्षं बेंचवर तयार बसलाय, तेव्हा आज ना उद्या बदल करायचा आहे. तो कसा करायचा, तेवढं सांगा.

लगेच तीन तोंडांची तीन मतं झाली. एकाचं म्हणणं, दुखरा दात उपटतात तसं एका झटक्यात करा, रोज हलवत बसू नका. दुसरा म्हणाला की चौदा वर्षं ज्याने टीम ओढली त्याला निदान हा मोसम पुरा करू द्या, शेवटी बँड लावा, जेवण घाला, मग उतरवा. तिसऱ्याने अर्धी मॅच याला अर्धी त्याला अशी वाटणी सुचवली, त्यावर पहिला म्हणाला की एका म्यानात दोन तलवारी घालून दोन्हींची धार जाईल. कोच ऐकत राहिले. शेवटी म्हणाले की त्यांच्या मनात वेगळंच आहे. अशा माणसाला आपण काढायचं नसतं, त्याने आपणहून थांबायचं असतं, आणि आपण तेवढी वाट पाहायची असते. फक्त वाट पाहण्यात टीम बुडता कामा नये.

मग ते ओन्नीकडे वळले.

“त्याचे हात तुझ्याइतके कोणालाच माहीत नाहीत. खरं सांग, त्याला जमतंय का?”

खरं सांगायची हीच वेळ होती, आणि ओन्नीला ते कळत होतं. एक शब्द पुरला असता. पण डेल खेळायचा थांबला तर शनिवारी दुपारी तो मुलींना घेऊन सासुरवाडीला जाईल, दुकान जास्त वेळ उघडं ठेवेल, काहीही करेल, पण ओन्नीच्या घराकडे यायचं त्याला कारण उरणार नाही. ओन्नीने हातातली करंजी बशीत ठेवली.

“जमतंय,” तो म्हणाला. “मीच चेंडू वाकडा देतो.”

कोचनी कॉफीचा कप खाली ठेवला. त्यांना ते पटलं की नाही कोण जाणे, पण रीत त्यांचीच होती, कबूल केल्यावर पुढे विचारायचं नाही. मग पुढच्या शनिवारी तुझ्या जागी रॉय नँकार्विसला घालून बघू, म्हणाले. ओन्नी बरं म्हणाला. आपल्याच तोंडाने आपण आपली जागा घालवली, हे घरी पोचल्यावर मांजरीला खायला घालताना त्याच्या नीट ध्यानात आलं.

शनिवारी समोर वेकफर्डची टीम होती. सरोवरावरून बोचरा वारा येत होता आणि लोक गोधड्या गुंडाळून बसले होते. ओन्नी चौदा वर्षांत पहिल्यांदा बेंचवर बसला. बेंचवर बसून मॅच कशी बघायची हेच त्याला माहीत नव्हतं. त्याने डेलला खेळताना समोरून कधी पाहिलंच नव्हतं, नेहमी तो पाठीमागे असे. आता तो दिसला तेव्हा ओन्नीला वाटलं, हा केवढा थकलाय.

रॉय नँकार्विस सेंटर म्हणून वाईट नव्हता. त्याने पहिले दोन चेंडू नीट दिले, डेलने ते कसेबसे धरले. तिसरा हातातून सुटला. वेकफर्डच्या गड्याने त्यावर उडी मारली. मैदानावरचे अकरा जण उठून उभे राहिले, आणि कोणाचाच हात वर जाईना. रॉयने आपले दोन्ही हात कमरेवर ठेवले. त्याने चेंडू बरोबर दिला होता, त्याने का म्हणून वर करावा? डेल खाली मान घालून उभा होता. सगळं गाव वाट बघत राहिलं. वाऱ्याने झेंड्याची दोरी खांबावर आपटत होती तेवढाच आवाज.

आणि बेंचवर ओन्नी रिंतालाचा हात वर गेला.

तो त्याने मुद्दाम केला नाही. चेंडू सुटला, डेल उभा राहिला, की हात वर करायचा, एवढंच त्या हाताला ठाऊक होतं. आधी पोरं हसली. मग बाकीचे हसायला लागले आणि मधेच थांबले, कारण तोवर एकेकाच्या डोक्यात प्रकाश पडत गेला. जो माणूस मैदानावर नाहीच, त्याची चूक कशी असेल? आणि आजची नसेल, तर त्या सहा तरी कुठे त्याच्या होत्या?

कोच चालत बेंचपाशी आले. “खाली घे तो हात, ओन्नी,” ते हळू आवाजात म्हणाले. मग त्यांनी क्रेग होल्मस्ट्रॉमला हेल्मेट चढवायला सांगितलं. डेल बेंचकडे आलाच नाही. तो मैदान ओलांडून सरळ गाड्या लावल्या होत्या तिकडे चालत गेला. त्या संध्याकाळी ओन्नीने सौना तापवला, दोनदा लाकडं घातली, आणि शेवटी एकटाच बसून आला.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत तो हार्डवेअरच्या दुकानात गेला. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. डेल डाव्या हाताने खिळे डब्यांत भरत होता.

“का केलास हात वर?” त्याने मान वर न करता विचारलं.

“सवयीने गेला.”

“सवयीने.” डेलने डबा बंद केला. “मी माझा वर करणार होतो, ओन्नी. रात्रीच बेव्हर्लीला सांगून ठेवलं होतं. चेंडू सुटला की हात वर करायचा, सगळ्या गावासमोर म्हणायचं, माझी चूक आहे, माझा हात गेलाय, आता क्रेगला उतरवा. उभ्या उभ्या मनाची तयारी करत होतो. आणि बघतो तर बेंचवरून तुझा पंजा.”

ओन्नीने खाली पडलेले दोन खिळे उचलून त्याच्यापुढे ठेवले.

“सहा वेळा तू माझी चूक घेतलीस आणि मी घेऊ दिली, ती माझी लाज. तिचा दोष मी कोणाला देत नाही. पण शेवटची माझी होती, रे. कोच नेहमी म्हणतात ना, माणसाने आपणहून थांबावं? मला आपणहून थांबायचं होतं. आता गावात काय म्हणतात माहीत आहे? ओन्नीने डेलला इतके दिवस पोसलं.”

ओन्नी माफी मागायला आला होता. वाटेत त्याने वाक्यही जुळवलं होतं. पण तोंडातून भलतंच आलं, आणि जे आलं ते खरं होतं.

“मी ते तुझ्यासाठी नव्हतं केलं. तू खेळायचा थांबलास तर शनिवारी यायचा थांबशील, म्हणून केलं.”

डेलने पहिल्यांदाच मान वर केली. त्याचा राग गेलेला दिसला, आणि ओन्नीला वाटलं, राग होता तेच बरं होतं.

“ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं,” डेल म्हणाला. “कळूनच मी ते वापरलं.”

दारावरची घंटी वाजली आणि एक बाई रंगाचा डबा बदलून घ्यायला आली. डेलने तिच्याकडे पाहून नेहमीसारखं हसून काय हवं ते विचारलं. ओन्नी थोडा वेळ फावड्यांपाशी उभा राहिला, मग गॅरेजला परत गेला. त्यानंतर रस्त्यात भेट झाली की दोघे एकमेकांची विचारपूस करत, हवापाण्याचं बोलत. भांडण असं काही नव्हतं. भांडण असतं तर कोणीतरी मिटवलं असतं.

पुढच्याच आठवड्यात कोचनी ओन्नीला पुन्हा सेंटरला घातलं. क्रेग होल्मस्ट्रॉम पोरगा चांगला निघाला. त्याची पाचही बोटं घट्ट दाबत, दिलेला चेंडू एकदाही सुटला नाही, आणि टीमने उरलेल्या चारपैकी तीन मॅच जिंकल्या. लोक म्हणाले, बदल कसा करावा तर असा, कोणाला कळलंसुद्धा नाही. मॅच संपली की क्रेग ओन्नीला थँक यू म्हणे आणि आपल्या मैत्रिणीच्या गाडीत बसून जाई.

रस्तेखात्याच्या गॅरेजात शनिवारी संध्याकाळी एक माणूस फोनपाशी बसवावा लागे. कुठे झाड पडलं, कुठे बर्फ साचला, तर कळायला हवं म्हणून. ओन्नीने ती पाळी मागून घेतली. ती कोणालाच नको असायची, त्यामुळे लगेच मिळाली.