सिलिकॉन नव्हतंच ते

"हिचे वडील माहुलला वेल्डर आहेत. त्यामुळे हाताचं कसब रक्तातच आहे."

बाहेरून आलेल्या पाहुण्यांना आमच्या सरांनी माझी ओळख अशी करून दिली. बाकी चौघांची ओळख त्यांच्या विषयांवरून झाली. पीएचडी मीही करत होते. पाहुणे हसले. मीही हसले. त्या हसण्याची मला आजही चीड येते.

लॅब अंधेरीला. कोबाल्ट आणि सिलिकॉनच्या कांड्यांवर लेसर मारायचा. उडालेली वाफ हेलियमच्या झोतात थंड केली की पाच-सात अणूंचे मिश्र पुंजके तयार होतात. ते वजनावरून ओळखायचे, त्यांच्यावर इन्फ्रारेड टाकायचा. पुंजक्याने तो शोषला की आलेखात खड्डा पडतो. खड्ड्यांवरून रचना कळते.

आरसे जुळवणं, पंप उघडणं, कांड्या बदलणं माझ्याकडे. खड्ड्यांचा अर्थ लावणं ऋचाकडे. ती माझ्याच बॅचची. हे कुणी ठरवलं नव्हतं. माझं आडनाव कळल्यावर तसं होत गेलं.

एकदा ऋचाला नवा खड्डा सापडला. पुंजक्याचं वजन अठ्ठावीसने जास्त, म्हणजे एक सिलिकॉन जादा. सर खूश. पेपर लिहायला घेतला. मीटिंगमध्ये मी म्हटलं, "सर, मागच्या आठवड्यात याच नळीतून कार्बन मोनॉक्साइड सोडला होता. नळी साफ केलेली नाही. त्याचंही वजन अठ्ठावीसच."

"तू आरसे बघ," सर म्हणाले. ऋचा वहीत बघत राहिली.

दुपारी सगळे जेवायला गेले. मी इन्फ्रारेड लेसर दोन हजार तरंगसंख्येच्या आसपास नेला. तिथे सिलिकॉन काहीच शोषत नाही, कार्बन मोनॉक्साइड शोषतो. आलेख विहिरीसारखा खाली गेला. तो मी सरांना दाखवला.

पेपर नव्याने लिहिला गेला. मधोमध माझा आलेख. लेखकांत सर आणि ते चौघं. मी शेवटी, आभारात. तांत्रिक मदतीबद्दल.

"सर, हे मी शोधलंय."

"तुझ्या थिसिसवर अजून माझी सही व्हायचीय. शहाणी आहेस ना?"

घरी बाबा म्हणाले, "आधी डिग्री घे गं, मग भांड." मला त्यांचाही राग आला. त्यांनी जन्मभर हेच केलं होतं. आधी काम, मग बोलू. ते बोलणं राहूनच गेलं.

पुढच्या मीटिंगला मी सगळ्यांसमोर सांगितलं, "आभारातून माझं नाव काढा. लेखकांत घाला, नाहीतर माझा आलेख काढा." संध्याकाळी मी मूळ नोंदी जोडून संस्थेच्या ऑफिसात तक्रार दिली. पोच घेतली.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या कार्डाने लॅबचं दार उघडत नाही. सही होणार नाही, हे मला पक्कं माहीत आहे. भीती वाटते, खोटं कशाला बोलू. दुसरा गाइड शोधीन. पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी लागली तरी करीन. पण तो आलेख माझ्या नावाशिवाय छापू देणार नाही.