रोशनच्या डायनासोरची हाडं

मंडळी, जिन्याजवळच्या या फळ्यावर एरवी पाणी बंद असल्याच्या सूचना असतात. आज मी माझा अनुभव लिहितोय. सगळ्यांनी वाचावा.

आज माझा भाचा रोशन सात वर्षांचा झाला. वाढदिवसाला त्याला डायनासोर हवा होता. माझी आई कोपरच्या बाजारात मासळी विकते. तिनं महिनाभर मोठ्या जिताड्यांचे काटे राखून ठेवलेले. मी ते सोडा टाकून उकळले, उन्हात वाळवले, मणके तारेत ओवले आणि चार फुटांचा सांगाडा भिंतीवर लावला. दर तासाला जाऊन वास घेत होतो.

"पुरं कर रं, किती हुंगशील?" आई म्हणाली. तिनं डायनासोरची अंडी म्हणून नारळाचे लाडू वळलेले.

संध्याकाळी इमारतीतली मुलं आली. एका मुलीच्या आईनं दारातच विचारलं, "अय्या, कशाचं बनवलंय हे?"

शाळेत रोशनला 'मच्छीवाला' म्हणून चिडवतात. मुलं दारातूनच परत जातील, अशी मला भीती वाटली. मी म्हणालो, "प्लास्टरचं आहे."

सगळे आत आले. लाडूही संपले. पण मी ते बोललो तेव्हा आई ताट घेऊन मागेच उभी होती. ताट तिथंच ठेवून ती आत गेली.

नंतर रोशन म्हणाला, "मामा, हाडं आजीनं दिली, असं मी सगळ्यांना सांगणार होतो."

म्हणून लिहितोय. तो सांगाडा जिताड्याच्या काट्यांचा आहे, आणि ते माझ्या आईनं जमवलेत. उद्या संध्याकाळपर्यंत तो भिंतीवर आहे. बघायला याल ना?