नानांचा कोरा कागद

नानांच्या शर्टाच्या खिशात कायम एक कोरा कागद घडी करून ठेवलेला असायचा. जमीन मोजणी खात्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण सवय सुटली नव्हती. कुणी कशालाही 'नाही' म्हटलं की ते कागद उलगडून त्याच्यासमोर ठेवत. "हरकत नाही. कारण लिहा, खाली सही करा." आवाज चढत नसे. समोरचा मात्र पेन शोधायच्या निमित्ताने उठून जाई.

नाना वडिलांचे मित्र. जळगावात आमच्याच वस्तीत राहायचे. शाळेच्या पुस्तकांआधी माझ्या हातात चळवळीची पत्रकं दिली ती त्यांनी. सभेत उरलेला गठ्ठा घरी आणत आणि मला ओट्यावर उभं करून मोठ्याने वाचायला लावत. अडखळलो की म्हणत, "परत वाच. कुणाच्या तरी पोटातून आलंय ते." पुढे मी स्वतः पत्रकं लिहायला लागलो. मला वाटायचं, आता मला कशाचीच भीती उरली नाही.

ताईचं लग्न ठरलं. मुलाकडचे धुळ्याचे. ताईची एकच अट होती: लग्न हॉलमध्ये हवं. हौस म्हणून नाही. वस्तीतल्या प्रत्येक लग्नात तिने चोपड्याच्या, जामनेरच्या मावश्या-आत्या पाहिल्या होत्या, दिवसभर पाणी न पिता बसलेल्या. कारण जायला जागा नसायची. "माझ्या लग्नात बायांनी पोटभर पाणी प्यायचं," ती म्हणाली. वडिलांची ड्युटी सुटत नव्हती. हॉल शोधायचं काम नानांवर आणि माझ्यावर आलं.

आम्ही बौद्ध. मुहूर्त पाहत नाही. म्हणून नानांनी मुद्दाम बिनमुहूर्ताची तारीख धरली. त्या दिवशी हॉल रिकामेच असतात. जळगावातल्या पहिल्या मॅनेजरने रजिस्टर उघडलं, त्या तारखेचं पानही कोरं होतं. "आडनाव काय म्हणालात?"

"अजून म्हणालो नाही," नाना म्हणाले आणि आडनाव सांगितलं.

रजिस्टर मिटलं. "अरे, ही तारीख तर बुक आहे."

"त्या दिवशी मुहूर्तच नाही. लग्न कुणाचं?"

"वाढदिवस आहे एक."

"मग तसं लिहून द्या."

दुसऱ्याने सांगितलं, तुमच्यात डीजे फार वाजतो. नानांनी विचारलं, "आमच्याकडे जेवायला आला होतात का कधी?" धरणगावचा तिसरा जरा प्रामाणिक होता. म्हणाला, "आम्ही फक्त आपल्या लोकांना देतो." नाना खुर्ची ओढून बसले. "मग बरं झालं. आपलाच आहे मी." चौथ्याने तर फोनच उचलायचं बंद केलं. एकानेही सही केली नाही. आम्ही तक्रार घेऊन गेलो, तर टेबलामागच्या साहेबाने विचारलं, लेखी काही आहे का?

आता जात कोण पाहतो, असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो: उद्या एक रिकामा हॉल विचारायला जा. आडनाव आमचं सांगा.

पाचवा हॉल धुळ्यात होता. नाना नेहमीप्रमाणे आधी मागे गेले, बायकांची संडास-बाथरूम पाहायला. काउंटरवर मी एकटा होतो. मॅनेजरने पेन उचललं. "आडनाव?"

उन्हातून आलो होतो, थकलो होतो. ही कारणं आहेत, सबबी नाहीत. मी म्हणालो, "पाटील."

"बसा ना पाटीलसाहेब." खुर्ची आली. चहा आला. चार हॉलमध्ये कुणी पाणी विचारलं नव्हतं. फॉर्म भरून शिक्काही बसला.

नाना खुशीत परत आले. "सहा संडास शेतस, पोरा! बठ्ठास्ले कड्या शेतस." सहाच्या सहा संडासांना आतून कड्या होत्या. मग त्यांनी फॉर्म वाचला. मला बाहेर पायरीवर घेऊन आले. नाना ऑफिसात शुद्ध बोलत. अहिराणी निघायची ती आनंदात, नाहीतर रागात.

"हाई नाव कोनं शे?"



"नाना, ताईला हॉल हवाय," मी म्हणालो.

"ताई कोन्ही पोर शे? पाटीलनी?" त्यांनी फॉर्म माझ्या हातात दिला. "जाय. दुरुस्त करी लई ये."

आत जायला दहा पावलं होती. मी गेलो. खरं आडनाव सांगितलं, मघाशी खोटं बोललो हेही सांगितलं. मॅनेजरने फॉर्म माझ्या हातातून काढून घेतला. हॉलचं रंगकाम निघालंय, म्हणाला. माझ्यामागून आत आलेल्या नानांनी कागद पुढे केला.

"बाबा, लिहून काय होणार?" मॅनेजरने विचारलं.

"काही नाही. तुमच्या पोरांना वाचता येईल."

लग्न वस्तीसमोरच्या मैदानात मांडव घालून झालं. पाहुणे कौतुकाने म्हणाले, किती साधेपणाने केलंत! साधेपणा नव्हता तो. आम्हाला हॉल हवा होता. भर उन्हात मावश्या नऊवारी सावरत बसल्या होत्या. ताई मंचावरून पाहत होती. कुणीही पाण्याच्या ग्लासाला हात लावत नव्हतं.

यंदा नाना गेले. शोकसभेत वडील बोलायला उभे राहिले. म्हणाले, "नाना मला नेहमी सांगायचे, धुळ्यात तुझ्या पोराने हातातला हॉल सोडला. स्वतः आत गेला आणि खरं आडनाव सांगितलं." लोक वळून माझ्याकडे पाहू लागले. ताईने माझा हात घट्ट धरला.

'पाटील' एवढं एकच नाना कुणाला बोलले नव्हते. मी हात सोडवून घेतला, उठलो आणि ताईला म्हणालो, "चल बाहेर. त्याच्या आधी काय झालं, ते ऐक."