मोहर्लीच्या तीन खोल्यांची वेबसाइट

रुबीना,

तुझ्यावर लिहिते आहे. विचारलं असतं तर नको म्हणाली असतीस, म्हणून विचारलं नाही. एका अंकवाल्यांना 'आपल्या भागातली यशस्वी स्त्री' हवी आहे. तुझ्या हातून जे झालं त्याला यश म्हणायचं की नाही, हे मला ठरवता आलेलं नाही. अंकवाल्यांनी ठरवावं. मी घडलं तसं सांगते. कुठे चुकलं असेल तर फोन कर. नाहीतरी तुझा फोन दिवसभर चालूच असतो.

आता बाकीच्यांसाठी सुरुवातीपासून.

चंद्रपूरच्या कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवत होते तेव्हा रुबीना माझ्या वर्गात होती. मागच्या बाकावर बसून प्रश्न विचारणारी ती एकटीच. बी.एस्सी. झाली आणि जाफरशी लग्न झालं. जाफरच्या घरचं गोल बाजारात फोटोफ्रेमचं दुकान. दुकानात थोरले भाऊ बसत. जाफरला काचा कापत बसवत नसे, म्हणून त्याने एक जुनी जिप्सी घेतली आणि ताडोबाच्या मोहर्ली फाटकावर पर्यटक फिरवायला लागला. पुढे तिथेच थोडी जागा घेऊन पाहुण्यांसाठी तीन खोल्या बांधल्या. रुबीना त्या खोल्यांची साफसफाई बघायला म्हणून गेली ती तिथेच राहिली. सासरी तिला काही त्रास नव्हता. पण सासरी ती धाकटी सून होती आणि मोहर्लीत मालकीण. एवढाच फरक, पण तो तिला पुरेसा होता.

अडचण एकच होती, खोल्यांमध्ये पाहुणे नव्हते. पर्यटक येत ते नागपूरच्या एजंटांमार्फत, आणि एजंट सांगतील तिथे उतरत. त्यातच एका हॉटेलवाल्याने जवळ रिसॉर्ट बांधायला घेतलं. त्याला आपल्या नोकरांना राहायला या तीन खोल्या हव्या होत्या, पाच वर्षांच्या करारावर. जाफर तयार झाला. रुबीनासाठी त्याचा अर्थ सरळ होता: गाठोडं बांधायचं आणि गोल बाजारातल्या घरी परत जायचं.

"येता उन्हाळा मले द्या," ती जाफरला म्हणाली. "खोल्या भरल्या नाई तं मंग तुमच्या मनासारखं."

"अन् भरनार कशानं?"

"वेबसाइट काढून राह्यली मी."

"त्याच्यापेक्षा वाघाले पोस्टकार्ड टाक," जाफर म्हणाला. पण उन्हाळा दिला.

ही २००४च्या दिवाळीनंतरची गोष्ट.

जाफरचा पुतण्या मुबीन, त्याचा जटपुरा गेटपाशी सायबर कॅफे होता. त्याने वेबसाइट करून दिली. खोल्यांचे फोटो, जिप्सीचा फोटो, फ्रेमच्या दुकानाचा फोन नंबर. महिनाभर तिकडे कुणी फिरकलं नाही. रुबीना त्याला जाब विचारायला गेली, तेव्हा मीही कॅफेत होते, पेन्शनच्या कागदाची प्रत काढायला.

"चाची," मुबीन म्हणाला, "आडरानात दुकान टाकलं तं गिऱ्हाइकाले रस्ता कोन दाखवन? दुसऱ्यायच्या वेबसाइटवर तुमची लिंक पाह्यजे. जितके लोक तुमच्याकडे बोट दाखवतीन, तितकं सर्चवाले तुमाले वर घेतीन."

"म्हणजे ओळखी वाढवायच्या."

"तसंच समजा."

ओळखी वाढवण्यात रुबीनाचा हात धरणारं कुणी नव्हतं. मोहर्लीत तेव्हा इंटरनेट नव्हतं. ती आठवड्यातून दोनदा एसटीने चंद्रपूरला यायची, कॅफेत बसून पत्रं पाठवायची. पक्षी बघणाऱ्यांना, फोटो काढणाऱ्यांना, गोंडपिपरीच्या वारलू मास्तरांना. मास्तरांनी गावच्या तलावावर येणाऱ्या बदकांची स्वतःची वेबसाइट काढली होती. इंग्रजी ती माझ्याकडून तपासून घ्यायची. 'द' कुठे घालायचा आणि कुठे नाही, हे तिला शेवटपर्यंत जमलं नाही.

तिने एक पान मात्र स्वतःच्या डोक्याने सुरू केलं. फाटकावरची बातमी. संध्याकाळी जिप्सीवाले परतले की त्यांना विचारायचं, जे सांगतील ते वहीत लिहायचं आणि चंद्रपूरच्या फेरीत पानावर चढवायचं. मोहाची फुलं पडायला लागली, सकाळी अस्वल झाडाखाली होतं. रानकुत्री तळ्यावर आली. आज कोणत्याच गाडीला वाघ दिसला नाही. इतर सगळे हॉटेलवाले वाघ हमखास दाखवत होते, आणि ही आठवड्यातून तीन दिवस वाघ नाही म्हणून लिहीत होती.

जाफरला ते पटेना. "दुकानाच्या पाटीवर 'आज माल नाई' असं लिवते का कोनी?"

"माल नसन तं लिवावं. आलेला मानूस मंग तुमच्यावर चिडत नाई."

यात तिचं खरं होतं. नागपूरच्या एका पक्षीनिरीक्षकाने, रोशन त्याचं नाव, न मागता आपल्या वेबसाइटवर तिच्या पानाची लिंक लावली आणि वर लिहिलं, 'ताडोबाला निघण्याआधी हे वाचा'. आमच्यापैकी त्याला कोणी ओळखत नव्हतं. फेब्रुवारीत त्या एका ओळीवरून पुण्याचे पाहुणे आले आणि त्यांनी दुसरे पाठवले. जाफरने खोल्यांना चुना मारून घेतला.

आता रुबीनाच्या घरची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर अडलं. शेजाऱ्याकडून आलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही. ईदचा शीरखुर्मा गेला असेल किंवा दिवाळीचा फराळ आला असेल, भांड्यात काहीतरी घालूनच ते परत जातं. घरात काही नसलं तर मूठभर साखर. माझ्याकडून गेलेल्या चिवड्याच्या डब्यात एकदा चार लिंबं आली होती. रीत चांगली आहे, आमच्याकडेही होती. रुबीनाने ती जशीच्या तशी कॉम्प्युटरवर नेली.

वेबसाइट जरा वर आल्यावर तिला परक्या लोकांची पत्रं यायला लागली. आम्ही तुमची लिंक लावली आहे, तुम्ही आमची लावा. जुगारवाले, मोबाइलच्या रिंगटोन विकणारे, भविष्य सांगणारे, वजन उतरवायच्या गोळ्यावाले, कोइंबतूरचा एक केसाच्या तेलाचा कारखानदार. तिने एकालाही नाही म्हटलं नाही. 'आमचे शेजारी' असं पान केलं आणि सगळ्यांना त्यात बसवलं. पान बघता बघता जत्रेएवढं झालं.

"हे जुगारवाले तुझे शेजारी कधीपासून?" मी विचारलं.

"त्यायनं आपली लिंक लावली ना मॅडम. देनाऱ्याले रिकाम्या हातानं कसं पाठवू?"

"त्यांना मोहर्ली नकाशात दाखवता येणार नाही."

"ईदले जो दारात येते, त्याले आपन नकाशा विचारतो का?"

याला उत्तर होतं, पण चहा निवत होता.

मार्चमध्ये वेबसाइट आणखी वर चढली. मुबीन खूश, रुबीना खूश. एप्रिलच्या मध्यावर वेबसाइट सर्चमध्ये दिसेनाशी झाली. पहिल्या पानावर नाही, दहाव्यावर नाही. मोहर्लीला खरी गर्दी असते ती एप्रिल-मेमध्ये. पाणी आटतं, जनावरं तळ्यावर येतात, माणसं उन्हात करपत येतात. त्याच दिवसांत दुकानातला फोन गप्प झाला.

मुबीनने इकडेतिकडे विचारून कारण काढलं.

"चाची, ते नुसत्या लिंका मोजत नाईत. संगत पाह्यतात. शंभर बेवड्यायनं एका घराचा पत्ता सांगितला अन् दुसऱ्या घराचा एका मास्तरनं, तं तुमी कोन्या घरी जासान?"

"मास्तरच्या."

"तुमच्या पानावर मास्तर दोन, बाकी सारे बेवडे. काढून टाका. एका दुपारचं काम हाय."

रुबीनाने ऐकून घेतलं. काढायला ती तयार होती. पण न कळवता काढायला तयार नव्हती. दिलेलं ताट माणसाच्या हातातून ओढून घ्यायचं आणि तोंड फिरवायचं, हे तिच्याने होईना.

"अवं, तिकडे मानूस नाई, मशीन हाय," मुबीन म्हणाला.

"मशीननं माह्याजवळ लिंक मांगतली का?"

आणि तिने प्रत्येकाला पत्र लिहिलं. आपण आम्हाला जागा दिलीत, आभारी आहोत. आमच्या घरची अडचण अशी अशी आहे, तरी राग मानू नये. जुगारवाल्यांनाही. मी एकेक वाचून 'द' घालत होते. मी तिला म्हटलं, आधी काढ, मग लिहीत बस, मे महिना संपत चालला आहे. "लिहून झालं का काढतो," ती म्हणाली. आठवड्यातून दोन फेऱ्या, मध्येच कॅफेची वीज जायची. मे संपला तेव्हा ती अर्ध्यावर होती.

उत्तर एकाचंच आलं. कोइंबतूरच्या तेलवाल्याने विचारलं होतं, लिंक काढा, हरकत नाही, पण खोल्यांमध्ये पंखा आहे का? जूनमध्ये तो बायको आणि आईला घेऊन खरंच आला. जंगलात गेला नाही. व्हरांड्यात बसून तिघं पोटभर जेवली, मोहाच्या तेलाची चौकशी केली आणि गेली. त्या उन्हाळ्यातले ते शेवटचे पाहुणे. त्याची लिंक तिने काढली नाही. मुबीनने विचारलं तर म्हणाली, "तो घरी जेवून गेला."

पहिला पाऊस पडला तसा जाफरने करारावर सही केली. त्याने टोमणा मारला नाही, हे नोंदवायला हवं. सामान जिप्सीतूनच आलं. रुबीना गोल बाजारातल्या घरी पुन्हा धाकटी सून झाली.

उरलेली पत्रं तिने पावसाळ्यात पुरी केली. ऑक्टोबरमध्ये वेबसाइट परत आली. हळूहळू चढली आणि पहिल्या पानावर जाऊन बसली. तोवर फाटकावरच्या बातमीची लिंक बऱ्याच जणांनी आपणहून लावली होती. फ्रेमच्या दुकानात फोन वाजायला लागला. खोली आहे का? रुबीना सांगायची, आमच्या खोल्या आता आमच्याकडे नाहीत, पण मोहर्लीत शकुबाई आहेत, धान पिकवतात, घराला लागून दोन खोल्या काढल्या आहेत, स्वयंपाक चांगला करतात. शकुबाईंच्या खोल्या भरायला लागल्या. त्यांच्याकडून सुगीला तांदूळ येतो. पिशवी परत जाते तेव्हा तिच्यात काय असतं ते मी विचारलेलं नाही.

आता २००९ आहे. फाटकावरच्या बातमीचं पान अजून चालू आहे. जाफर पहाटे जिप्सी घेऊन जातो आणि संध्याकाळी दुकानाच्या पायरीवरूनच बातमी देतो: "आज काईच नाई. लिव तसं." करार पुढच्या वर्षी संपतो. हॉटेलवाला तो वाढवून मागतो आहे. जाफरने अजून हो म्हटलेलं नाही आणि नाहीही म्हटलेलं नाही. रुबीना त्यावर बोलत नाही.

रुबीना, आता तुझ्याशी. मोहर्ली सोडताना तू माझ्याकडे एक स्टीलचा डबा दिला होतास, चारोळी भरून. त्या नागपूरच्या रोशनला द्यायचा म्हणून. त्याने न मागता लिंक दिली होती आणि परत काहीच घेतलं नव्हतं, ते तुला खुपत होतं. मी नागपूरला दोनदा गेले. पहिल्यांदा त्याचा पत्ता मिळाला नाही. दुसऱ्यांदा मिळाला, तर तो नोकरीसाठी बंगलोरला गेला होता आणि घरात भाडेकरू होते. भाडेकरूंना चारोळी देण्यात अर्थ नव्हता. तू दर ईदला विचारतेस, दिला का? मी म्हणते, नाही. चारोळी खवट झाली, मी टाकून दिली. रिकामा परत कसा पाठवू, म्हणून डबा घासून फडताळात ठेवला आहे.