तिसऱ्या मजल्यावरची गॅलरी

"मिलान नव्हे, सेस्तो." कोणी गाव विचारलं की काका आधी तर्जनी हलवायचे आणि मग हे बोलायचे. आयर्लंडमध्ये, लिक्सलिपच्या कॉम्प्युटर-चिपच्या कारखान्यात ते माझ्याच पाळीला मशीन-दुरुस्तीवर होते. साठीचा इटालियन माणूस, पण आम्ही तीन-चार मराठी मंडळी आपापसात त्यांना काकाच म्हणायचो. तुम्हीही तेच म्हणाला असता.

मिलानच्या मेट्रोची तांबडी लाइन जिथे संपते, तिथे हे सेस्तो. मिलानला भव्य चर्च, सेस्तोला पोलादाच्या भट्ट्या. त्या केव्हाच थंड झाल्या. एका जुन्या क्रेनचा अजस्र लोखंडी सांगाडा मात्र उभा आहे आणि त्याच्याखाली आता गाण्याचे कार्यक्रम होतात. काकांचे वडील अशीच क्रेन चालवायचे. महायुद्धात इथल्या कामगारांनी संप केला, तेव्हा कित्येकांना उचलून छळछावणीत नेलं. त्यांतले दोघे काकांच्या आजोबांचे शेजारी होते. हे सांगताना काकांची कॉफी गार व्हायची. इटालियन माणूस कॉफी गार होऊ देतो म्हणजे बघा.

मी स्वतः पुण्याचा, असं सगळ्यांना सांगतो. खरं तर चिंचवडचा, कामगार वसाहतीतला. पण इथे आम्ही राहतो त्या ॲडम्सटाउनमध्ये कोण खोलात शिरतंय?

मागच्या वर्षी काकांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी विमानप्रवास बंद केला. नेमके तेव्हाच आम्ही सुट्टीला इटलीला निघालो होतो. काकांनी कॅन्टीनमधल्या कागदी नॅपकिनवर नकाशा काढून दिला.

"शेवटच्या स्टेशनवर उतर. आमचं घर म्हणजे तुमच्याकडच्या चाळीसारखंच, तू सांगतोस तसं. तिसरा मजला, कोपऱ्यातली गॅलरी. आहे का, एवढंच बघून ये. बहीण फोनवर विषय टाळते."

मिलानला आमचे दोनच दिवस होते. एक चर्चमध्ये गेला, दुसरा मुलीच्या बूटखरेदीत. सेस्तो राहून गेलं.

सोमवारी काका पार्किंगमध्येच उभे. "बघितलीस?"

त्यांचा चेहरा बघून माझ्या तोंडून "हो" निघून गेलं. एक थाप मारली की पुढच्या आपोआप सुचतात. गॅलरीत दोरीवर निळे डगले वाळत होते, तेलाच्या डब्यांत झाडं लावली होती, खाली म्हातारे पत्ते कुटत बसले होते, एक बाई वरून दोरीने पिशवी सोडून भाजी घेत होती. काका डोळे मिटून ऐकत होते. "ग्रँड," एवढंच म्हणाले; इथे 'छान' म्हणायचं तर हाच शब्द. तीस वर्षांत तेवढे आयरिश ते झालेच होते.

मग दर आठवड्याला, "ते गॅलरीचं परत सांग." मी सांगायचो आणि मनातून शरमायचो.

या वसंतात डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली. काकांनी नोकरी सोडली आणि बहिणीकडे कायमचे निघाले. विमानतळावर सोडायला मीच. माणूस माझ्या शब्दावर चालला होता. एम-फिफ्टी हायवेवर गाडी रखडली तेव्हा सांगून टाकलं, "मी सेस्तोला गेलोच नव्हतो. माफ करा."

"माहीत आहे. तू आलास त्याच संध्याकाळी मी बहिणीला खडसावून विचारलं. घर पाडून नऊ वर्षं झाली."

"मग मला परत परत कशाला सांगायला लावलंत?"

"आमच्याकडे तेलाचे डबे नव्हते. आईच्या मातीच्या कुंड्या होत्या. पण तू सांगायला लागलास की मला घरी बसल्यासारखं वाटायचं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ती गॅलरी कुणाची रे?"

"माझ्या आईची. चिंचवडला."

विमानतळ येईपर्यंत त्यांनी मला चिंचवडबद्दल इतकं विचारलं, की उतरताना माझेच डोळे भरून आले.

परवा त्यांचा फोटो आला. मोकळी जागा, उभ्या केलेल्या चार गाड्या. मधोमध काका, एक हात छातीवर, दुसऱ्या हाताचं बोट वर आभाळाकडे. मुलगी माझ्या खांद्यावरून डोकावली. इथली मुलं कुठल्याही माणसाला 'युअर मॅन' म्हणतात.

"व्हॉट्स युअर मॅन पॉइंटिंग ॲट, बाबा? देअर्स नथिंग देअर."

"त्यांची गॅलरी," मी म्हणालो.